गाठीची कड

“हो की नाही, एवढंच सांगा,” एफ्रेन कोरोसो म्हणाला आणि त्याने पिस्तूल माझ्या टेबलावर ठेवलं. तेही नेमकं कॉफीच्या कपाला चिकटून. मी ते दोन बोटांनी जरा पलीकडे सरकवलं, कप जवळ ओढला आणि म्हटलं, “सांगता येत नाही.”

मी धीट आहे असं समजू नका. मला राग लवकर येतो, आणि राग आला की भीतीला आत यायला थोडा उशीर होतो, इतकंच. एस्मेराल्दास बंदरातल्या सरकारी हॉस्पिटलच्या तळघरात मी एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आहे. वर सर्जन जे कापून काढतात ते खाली माझ्याकडे येतं आणि ते काय होतं हे मी सांगते. पूर्वी अपेंडिक्स यायची, गर्भाशयं यायची. बंदरावरच्या दोन टोळ्यांची जुंपल्यापासून फुटलेल्या प्लीहा आणि भोकं पडलेली आतडी येतात. आदल्याच रविवारी चौघे जण अपघात विभागात शिरले, स्ट्रेचरवरच्या एका जखमी पोराच्या तोंडात गोळी घातली आणि आल्या वाटेने निघून गेले. त्यानंतर दारावर सैनिक बसवले. एफ्रेन आला तेव्हा त्याच सैनिकांनी बाजूला होऊन त्याला वाट करून दिली. दोनपैकी एक टोळी त्याची होती.

“ते आधी उचल तिथून,” त्याच्या मागून त्याची बहीण म्हणाली. “माणसं खातात-पितात त्या टेबलावर ठेवायची वस्तू आहे का ती?”

एफ्रेनने पिस्तूल उचललं. अख्ख्या बंदरात त्याला असं बोलणारं दुसरं माणूस नव्हतं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि दिग्ना सोळाची. लास पाल्मासच्या किनाऱ्यावर मासे तळून तिने त्याला वाढवला. तो तिला न्यान्या म्हणायचा, आमच्याकडे बहिणीला म्हणतात तसं, पण वागायचा आईशी वागल्यासारखा. आता ती एक्केचाळीसची होती आणि तिच्या डाव्या स्तनात एक गाठ होती, तीन महिन्यांत दुप्पट झालेली.

आमचा सर्जन हासिंतो एस्तुपिनान याने त्या गाठीत जाड सुई घालून शेवयांसारखे चार तुकडे काढून मला पाठवले होते. मी ते चार दिवस बघत होते. त्यात तंतू होते आणि नळ्याही होत्या. अशा गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात, कित्येक तरुण मुलींच्या छातीत जन्मभर गुपचूप बसून राहतात. पण त्यांची एक चुलत बहीण आहे. ती आतून पानापानांची असते, भराभर वाढते, आणि कडेचं थोडं जरी मागे राहिलं तरी परत येते, पहिल्यापेक्षा चिडून येते. सुईच्या तुकड्यात दोघींचं तोंड सारखंच दिसतं. दिग्नाच्या तुकड्यांत तंतूंच्या पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या आणि काही दुभंगत होत्या. साध्या गाठीत असतात त्याहून जास्त, पण शपथ घेऊन सांगावं इतक्याही नाहीत.

“एकतीस वर्षं काचा बघताय आणि सांगता येत नाही?” एफ्रेन म्हणाला. “माझ्या धंद्यात जो सांगता येत नाही म्हणतो ना डॉक्टरबाई, तो दोन्हीकडून खात असतो.”

“तुझा धंदा तुझ्यापाशी. मी लिहिलंय ते वाच. गाठ पूर्ण काढायची, भोवतीचं सेंटीमीटरभर चांगलं मांस घेऊन. काढल्यावर मी ती अख्खी बघीन आणि मग सांगीन.”

“आणि छाती?” दिग्नाने विचारलं.

“कड स्वच्छ निघाली तर छाती राहील. पुढे काहीच करायचं नाही, फक्त तपासत राहायचं.”

“आईची काढली होती,” ती म्हणाली. “मीच धुवायची ती जागा. आई तरी गेलीच.” मग ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “मला जगायचंय, डॉक्टरबाई. पण माझं काही कापायचं असेल तर कारण हवं. कोणाला भीती वाटते म्हणून नाही.”

मला ती बाई तिथल्या तिथे आवडली.

हासिंतोने तिचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी केलं. अडतीस वर्षांचा हा माणूस सावो पावलोला शिकून परत आला होता, आणि बाकीचे सर्जन धमक्यांना कंटाळून राजधानीत, कितोला पळाले तरी हा इथेच राहिला होता. स्तनाच्या ऑपरेशनला गावात त्याचाच एक हात होता.

आमच्याकडे एक पद्धत पडून गेली आहे. ऑपरेशन झालं की काढलेला भाग बरणीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात, आणि तेच तो खाली माझ्याकडे आणतात. पूर्वी यासाठी शिपाई होता. त्याच्या घरात धमकीची चिठ्ठी टाकली कोणीतरी, तो गाव सोडून गेला, आणि दुसरा आलाच नाही. मी चार पत्रं लिहिली, मग मीही नाद सोडला. दिग्नाची बरणी एफ्रेन स्वतः घेऊन आला. मध्ये फक्त दोन जिने आहेत, त्याला दीड तास लागला होता. मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो तुकडा बाहेर काढला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हासिंतो दर वेळी दोन दोरे बांधून पाठवतो. आखूड दोरा म्हणजे वरची बाजू, लांब दोरा म्हणजे काखेकडची. त्यावरून मला कळतं की कुठली कड शरीरात कुठे होती. इथे आखूड दोरा होता, लांबचा पत्ताच नव्हता. एका अंगाने सगळा तुकडा सपाट कापलेला, आणि त्या सपाट अंगावर गाठ उघडी पडलेली, पानंपानं दिसत होती.

“अर्धी गाठ आतच ठेवलीन की काय या गाढवाने!” मी ओरडले. दार उघडं होतं, बाहेर बाकावर माणसं बसलेली होती.

“फोन करून विचारा की,” माझी सहायक नेल्बा म्हणाली.

“मी का करू? त्याने यावं खाली. दोरा विसरतो, कडा कापून ठेवतो, आणि फोन मी करू?”

त्या फोनला दोन मिनिटं लागली असती. मी तो केला नाही. रागाने वहीत मापं लिहिली, सहा गुणिले सहा गुणिले तीन सेंटीमीटर, लांब दोरा नाही, आणि तुकडे मेणात बसवायला दिले. आमचं यंत्र जुनं, काचा तयार व्हायला आठवडा लागतो. त्या आठवड्यात मी हासिंतोला जिन्यात दोनदा भेटले आणि दोन्ही वेळा तोंड फिरवून गेले. ही माझी चूक आहे, ती मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारत नाही.

सातव्या दिवशी सकाळी नेल्बा धावत खाली आली. ती नुसतं वर बोट दाखवत होती.

गाड्या लावतात त्या अंगणात एफ्रेनच्या दोन माणसांनी हासिंतोला त्याच्याच गाडीवर पालथा दाबून धरला होता. त्याचा उजवा हात बॉनेटवर पसरलेला होता आणि मनगट एकाने गुडघ्याखाली घेतलं होतं. एफ्रेनच्या हातात बोटीच्या इंजिनाचा मोठा पाना होता. मी पोचले तेव्हा पहिला घाव पडून गेला होता.

“अर्धी आत ठेवतोस?” एफ्रेन ओरडत होता. “माझ्या न्यान्याची? अर्धी?”

“सगळी काढली! आईशपथ सांगतो, सगळी काढली!”

दुसरा घाव बोटांच्या मुळांवर बसला. आवाज ओलं लाकूड फोडल्यासारखा आला. तिसऱ्याला अंगठा उलटा फिरला. चौथ्याला हासिंतोचं ओरडणं थांबलं आणि त्याच्या तोंडातून नुसता श्वास येऊ लागला. एफ्रेन थांबला नाही. तो रडत होता, नाक गळत होतं, आणि तो मारत होता. बॉनेटच्या पत्र्याला खड्डा पडला, त्यात रक्त साचलं, आणि रक्तात पांढरी हाडं दिसायला लागली. सैनिक अंगणापलीकडच्या नदीकडे बघत उभे होते. मी काहीतरी किंचाळले, काय ते मला आठवत नाही. कोणीतरी मला मागून धरून ठेवलं होतं, माझ्या भल्यासाठीच असेल.

“आता काप कोणाला कापायचंय ते,” एफ्रेन म्हणाला आणि पाना नदीच्या दिशेने भिरकावून निघून गेला.

हासिंतोच्या हाताचा एक्स-रे मी पाहिला. सत्तावीस हाडांपैकी चौदा मोडलेली होती.

दुसऱ्या दिवशी एफ्रेन माझ्याकडे आला तो अगदी शांत होता. आंघोळ केलेली, इस्त्रीचा शर्ट. त्याला दिग्नाच्या सुईच्या तपासणीच्या काचा हव्या होत्या. ग्वायाकिल शहरातल्या एका सर्जनने मागितल्या होत्या.

“परवा ऑपरेशन आहे तिचं,” तो म्हणाला. “छाती पूर्ण काढणार आहेत.”

“कोणी सांगितलं काढायला? माझा रिपोर्ट अजून झालेला नाही.”

“तुमचा नाही झाला. त्यांचा झाला.” त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे टाकला.

ग्वायाकिलच्या एका खासगी प्रयोगशाळेचा रिपोर्ट होता तो. मी वाचला. पानापानांची गाठ, मध्यम जातीची, म्हणजे साधीही नाही आणि कॅन्सरही नाही. एका सपाट बाजूला गाठ थेट शाईपर्यंत पोचलेली. कड कुठे आहे ते काचेवर कळावं म्हणून आम्ही तुकड्याला बाहेरून शाई फासतो, गाठ शाईला लागली म्हणजे ती कापलेल्या कडेपर्यंत होती, म्हणजे पलीकडे शरीरात राहिली असणार. असाच त्याचा अर्थ होतो. मग मी वरची मापं वाचली. सहा गुणिले सहा गुणिले तीन. लांब दोरा आहे, आखूड दोरा नाही.

मी माझी वही उघडली, पाहिली आणि मिटली. समोर जो माणूस बसला होता त्याने कालच एकाचा हात चेचला होता, आणि तो हात कशासाठी चेचला गेला हे त्या क्षणी जगात फक्त मला कळलं होतं. मी ते बोलले नाही. माझी पाचावर धारण बसली होती.

“त्यांच्याकडची बरणी आण,” मी म्हटलं. “उरलेलं मांस आणि त्यांच्या काचा. त्या बघितल्याशिवाय मला माझ्या काचा देता येत नाहीत. नियम आहे.”

असा काही नियम नाही.

“उद्या सकाळी येईल,” एफ्रेन म्हणाला. “न्यान्याही येईल. इथूनच निघायचंय तिला.”

त्या संध्याकाळी माझ्या अर्ध्या भागाच्या काचा तयार झाल्या. मी प्रत्येक बाहेरची कड मोजली.

सकाळी दोघं आली. दिग्नाच्या हातात प्रवासाची पिशवी होती, डोळे सुजलेले. एफ्रेनची माणसं बाहेर थांबली, त्याने दाराला आतून कडी लावली. मी बरणी उघडली, त्यांच्या काचा वीस मिनिटं बघितल्या, मग कापायच्या पाटावर तो तुकडा ठेवला आणि शेजारी माझा तुकडा. दोन्हींची सपाट अंगं मी एकमेकांना लावली. ती तंतोतंत जुळली. दोन्हींवर दाते असलेल्या सुरीचे सारखेच ओरखडे होते, वरून खालपर्यंत. एक गोल गाठ झाली आणि तिच्या भोवती सगळीकडून पिवळ्या चरबीची जाड, धडधाकट कड.

“दिग्ना, ही तुझी गाठ,” मी म्हटलं. “पूर्ण निघाली आहे. सगळीकडून. बाहेरची कड सर्वांत कमी जिथे आहे तिथे अकरा मिलिमीटर भरते. हासिंतोने काही मागे ठेवलेलं नाही. तुझी छाती काढायचं काही कारण नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “मग तो कागद?”

“त्यांच्याकडे अर्धीच गेली. कापलेल्या बाजूला त्यांनी शाई फासली. त्यांना काय माहीत की ती बाजू नंतर कोणीतरी कापली आहे?” मी एफ्रेनकडे वळले. राग भीतीच्या आधी पोचला होता, म्हणून बोलता आलं. “दीड तास लागला होता तुला दोन जिने उतरायला. कोणी कापली ही?”

एफ्रेन पाटाकडे बघत होता.

“माल कधी एका बोटीतून पाठवत नाहीत,” तो शेवटी म्हणाला. “अर्धा इकडून, अर्धा तिकडून. आणि दोन ठिकाणी तोलायचा, एकाला दुसऱ्याचं कळू द्यायचं नाही. मग खोटं कोण बोलतंय ते समजतं. गाडीतच कापली. त्याने काय फरक पडतो? मालच तो, इकडचा काय न् तिकडचा काय!”

“कड गेली ना त्याने!”

“तुम्हीच म्हणालात की!” तो एकदम उसळला. “अर्धी आत ठेवली म्हणून! बाकावर माझा माणूस बसला होता, त्याने ऐकलं! तुम्ही म्हणालात आणि ग्वायाकिलवाले म्हणाले, मग मी काय करायला हवं होतं?”

खरं होतं ते. हासिंतोच्या हातावर पडलेल्या त्या घावांत माझा वाटा होता आणि तो मला त्या क्षणी पुरता कळला.

“हासिंतोचा हात...” दिग्ना हळूच म्हणाली. “एफ्रेन, तू त्याचा हात यासाठी मोडलास?”

“गप बस, न्यान्या.” त्याने पिस्तूल काढलं आणि माझ्या कपाळाला टेकवलं. नळी थंड होती आणि तिला तेलाचा वास येत होता. “लिहा. कड स्वच्छ नाही. गाठ मागे राहिली. सही करा.”

“का?” मी म्हटलं.

“माझ्या पोरांनी बघितलंय मी काय केलं ते. त्यांनी धरून ठेवला त्याला. सर्जनने दगा दिला म्हणून केलं. आता कागदावर आलं की चूक माझी होती, मीच कापली, उगाचच मोडला त्याचा हात... डॉक्टरबाई, जो येडा ठरतो त्याच्या मागे कोणी उभं राहत नाही. पलीकडचे महिन्याभरात मला बोटीला बांधून ओढतील. लिहा.”

“आणि माझं काय?” दिग्नाने विचारलं.

“तुझं काय, तू जगतेस ना!” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “एक गेलं तर गेलं. नवं बसवून देतो, ग्वायाकिलमधलं सगळ्यात भारी. तुला कुठे आता पोरं पाजायचीत?”

नेल्बा कोपऱ्यात तोंडावर हात धरून उभी होती. दिग्नाने पिशवी खाली ठेवली. एफ्रेनचा डावा हात पाटावर होता, तुकड्यांच्या शेजारी टेकलेला, उजव्यात पिस्तूल. पाटावर माझी लांब सुरी होती, मांस कापायची. मी रोज सकाळी तिला धार लावते. दिग्नाने ती उचलली आणि आयुष्यभर माशांची डोकी उडवणारी बाई जसा घाव घालेल तसा घातला, मनगट न वाकवता, सरळ खाली. सुरी एफ्रेनच्या डाव्या हातातून आरपार जाऊन पाटाच्या लाकडात रुतली.

तो असा ओरडला की मला कानात घंटा वाजल्यासारखं झालं. पिस्तूल सुटलं, गोळी उडाली, काचांचं कपाट फुटलं आणि पिस्तूल टेबलाखाली घरंगळलं. मी जमिनीवर होते. वर बघितलं तर दिग्नाने दोन्ही हातांनी सुरीची मूठ धरून ठेवली होती आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला होता.

“न्यान्या! न्यान्या, सोड!”

“सहा वर्षांचा होतास तेव्हापासून तुझं ढुंगण धुतलं मी,” दिग्ना म्हणाली. तिचे दात एकमेकांवर आपटत होते. “तुला पोसायला तापलेल्या तेलात हात घातले. आणि तुझ्या पोरांपुढे तुझं तोंड काळं होऊ नये म्हणून माझी छाती कापणार होय रे? माझी?”

“सोड ना...”

“डॉक्टरबाई,” ती म्हणाली, “उठा. लिहा तुमचा रिपोर्ट. खरा लिहा. तोपर्यंत मी सोडत नाही याला.”

बाहेरून दारावर लाथा बसायला लागल्या. “जेफे! जेफे, काय झालं?” त्याची माणसं ओरडत होती. आपल्या म्होरक्याला ती जेफे म्हणायची. दिग्नाने भावाच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

“सांग त्यांना. बहिणीने भोसकलं म्हणून सांग. बघू किती दिवस जेफे राहतोस.”

एफ्रेनच्या कपाळावरून घाम टपटपत होता. त्याने ओठ चावले. “काही नाही!” तो ओरडला. “गोळी माझ्याच हातून उडाली, काचेचं कपाट पडलं माझ्यावर! बाहेरच थांबा रे भडव्यांनो!” लाथा थांबल्या.

मी टंकयंत्राशी बसले. मी लिहिलं की मध्यम जातीची पानापानांची गाठ पूर्ण काढलेली आहे, सर्व बाजूंची कड स्वच्छ आहे, किमान अंतर अकरा मिलिमीटर, पुढील शस्त्रक्रियेची गरज नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. मग मी थांबले आणि आणखी एक ओळ लिहिली. तुकडा प्रयोगशाळेत पोचण्याआधी नातेवाइकाने मधोमध कापून दोन ठिकाणी पाठवला होता.

“तेवढी ओळ काढा,” एफ्रेन म्हणाला. तो आता ओरडत नव्हता, भीक मागत होता. “बाकी सगळं राहू द्या. तेवढी एकच.”

मी दिग्नाकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. मी सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्या पिशवीत टाकला. तेव्हा कुठे तिने सुरी उपटली. नेल्बाने त्याचा हात बांधला, पाटाखालून रक्त पुसलं. दाराशी जाऊन त्याने एकदा वळून बहिणीकडे पाहिलं. मग तो बाहेर गेला. काचेचं कपाट पडलं, असं तो जिना चढताना मोठ्याने सांगत होता.

पाच दिवसांनी दिग्ना माझ्या घरी आली आणि म्हणाली, “मला एस्तुपिनान डॉक्टरांकडे न्या. एकटीला मला दारात उभं करणार नाहीत.”

बरोबर होतं तिचं. हासिंतोच्या बायकोने, मिरेयाने, दार उघडलं आणि दिग्नाला बघताच थुंकली. थुंकी दिग्नाच्या गळ्यावर पडली. दिग्नाने ती पुसली नाही.

“चालती हो! तुझ्या भावाला सांग, दुसराही हात शिल्लक आहे म्हणावं!”

“मिरेया,” आतून हासिंतोचा आवाज आला. “येऊ दे त्यांना.”

तो आरामखुर्चीत बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बोटांतून लोखंडी तारा बाहेर आलेल्या. अडतीस वर्षांचा माणूस साठीचा दिसत होता. मी त्याची माफी मागणार होते, वाटेत सगळं पाठ केलं होतं, पण त्याने मला बोलू दिलं नाही.

“किती मिलिमीटर, लिदाबाई?” त्याने विचारलं. “सगळ्यात कमी जिथे आहे तिथे?”

“अकरा.”

त्याने डोळे मिटले. “मला दहा हवे होते,” तो म्हणाला. मग त्याच्या गालावरून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला त्याचा उजवा हात आपोआप उठला, तारांसकट, आणि मध्येच थांबला. माझ्याने बघवेना. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

दिग्ना त्याच्यापुढे जमिनीवर बसली. तिने ब्लाउजची बटणं सोडली आणि त्याला डावा स्तन दाखवला. वरच्या अंगाला एक अर्धगोल, नीट, बारीक शिवण होती. तिच्या भोवतीचं कातडं लाल होऊन सुजलं होतं.

“टाके कोणी काढले नाहीत?” हासिंतो एकदम वाकून म्हणाला. “दहाव्या दिवशी काढायचे होते. आज चौदावा आहे!”

“हॉस्पिटलात कोणी हात लावत नाही मला,” दिग्ना म्हणाली. “एफ्रेनची बहीण म्हणून घाबरतात. तुम्ही सांगाल तसं डॉक्टरबाई काढतील.”

“लिदाबाई मेलेल्या मांसाच्या डॉक्टर आहेत,” तो म्हणाला. “मिरेया, माझी छोटी कात्री आण. आणि चिमटा. उकळून आण.”

“वेडे आहात का तुम्ही? हिच्यासाठी?”

“आण म्हणतो ना.”

मिरेयाने आणली. चिमटा त्याने माझ्या हातात दिला आणि कात्री स्वतः डाव्या हातात घेतली. ती त्याच्या बोटांत बसेना. दोनदा खाली पडली, दोनदा मिरेयाने ती परत उकळून आणली, दुसऱ्या वेळी काही न बोलता. पहिला टाका कापताना कात्रीचं टोक दिग्नाच्या कातडीत घुसलं आणि रक्ताचा थेंब आला. तिने श्वाससुद्धा जोरात घेतला नाही. सात टाके होते. एरवी त्याला यासाठी एक मिनिट पुरलं असतं, त्या दिवशी पाऊण तास लागला, आणि शेवटचा टाका निघाला तेव्हा त्या दोघांच्याही अंगावरचे कपडे घामाने चिंब झाले होते.